कुरु सेन्सेई

सुट्टीत सांगलीला गेलं की भेटणारी प्रत्येक बाई मला दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला, "तिकडे खायला काय मिळतं गं तुम्हांला?" आणि दुसरा, "तू म्हणे तिथल्या शाळेत शिकवतेस? मग काय जपानीत शिकवतेस?" पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, त्यातलं थोडं पुढे येईलच. दुसऱ्याचं सोपं आहे. मी जपानी मुलांना इंग्रजी शिकवते. आणि अगदी खरं सांगायचं तर शिकवतही नाही, शिकवणाऱ्या बाईंना हातभार लावते. आपल्याकडे मोठ्या जाऊबाई पुरणपोळ्या करत असताना धाकटी लाट्या करून देते ना, तसं!

२०१८ च्या पावसाळ्यात तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मी टोकियोला आले. हे त्याआधी एक वर्ष आले होते. आम्ही राहतो तो एदोगावा भाग, निशी-कासाई स्टेशनच्या जवळ. साधारण २००० सालापासून संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय कुटुंबं इथे राहू लागली, त्यामुळे तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, सगळं चालत जाऊन आणता येतं. मी सांगलीला बी.ए. करून दोन वर्षं एका प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. पुढे लग्न, मूल, परदेश, या सगळ्यात ते मागेच पडलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुलगी पहिलीत गेली (इथे शाळा एप्रिलमध्ये सुरू होते) आणि घर एकदम रिकामं झालं. त्याच सुमारास कळलं की इथल्या सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजीसाठी मदतनीस लागतात. पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय २०२० पासून झाला, तिसरी-चौथीला ओळख म्हणून आठवड्यातून एक तास. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. माझे तीन दिवस त्यात आरामात बसतात. एका कंपनीमार्फत मला आमच्या घरापासून दोन स्टेशनं पलीकडची शाळा मिळाली.

पहिल्याच दिवशी माझं आडनाव गेलं. जपानीत ‘ल’ नाही आणि आपल्यासारखी जोडाक्षरंही फारशी नाहीत. तेव्हा कुलकर्णीचं झालं ‘कुरुकारुनी’. त्यापुढे सेन्सेई, म्हणजे बाई किंवा गुरुजी. एवढं लांब नाव कोण घेणार? आठवड्याभरात पोरांनी त्याचं ‘कुरु सेन्सेई’ केलं. आता गंमत अशी, की जपानीत कुरु म्हणजे ‘येणे’. त्यामुळे सोमवारी सकाळी फाटकाशी कोणीतरी ओरडतंच, "कुरु सेन्सेई कुरु?" म्हणजे कुरुबाई येणार का? आणि बाकीची पोरं, "कुरु! कुरु!" मी जिना चढेपर्यंत हे चालू.

शाळेत शिरलं की आधी बाहेरचे जोडे काढून खणात ठेवायचे आणि आतले पांढरे कापडी बूट घालायचे. मुलांनीही आणि आम्हीही. चप्पल बाहेर काढण्याचं वळण आपल्याला असतंच, त्यामुळे मला यात काही वेगळं वाटलं नाही. सगळ्या शिक्षकांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत. सकाळी उभ्या-उभ्या पाच मिनिटांची सभा, वाकून नमस्कार, आणि मग ४५ मिनिटांचा एकेक तास. इथे प्राथमिकला वर्गाचे एकच शिक्षक जवळजवळ सगळे विषय शिकवतात. मी ज्यांच्याबरोबर असते त्या चौथीच्या बाई तीस पोरांना नुसत्या भुवईने गप्प करतात. मी तर त्यांची शिष्याच आहे. पण इंग्रजीचा तास आला की त्याच बाई एकदम अंग चोरून उभ्या राहतात. वाक्य चुकेल याची धास्ती! मग मी पुढे होते. रंगांची नावं, फळांची नावं, चित्रांची कार्डं, थोडं गाणं, थोडी पळापळ.

उपमुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावून सांगितलं होतं, "कुरुकारुनी सेन्सेई, इंग्रजी तर शिकवाच, पण भारताबद्दलही सांगत जा. मुलांना वेगळा माणूस जवळून बघू दे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला पगार मिळतो तो निम्मा इंग्रजीचा आणि निम्मा परकेपणाचा. तो निम्मा भाग तर मी काही न करताच होतो! नुसती वर्गात गेले की झालं. रोज आमटीभातच खाता का, नव्हे, त्यांच्या भाषेत रोज ‘करी’च खाता का? घरी हत्ती आहे का? पाऊस पडला की शाळेला सुट्टी असते का? (या शेवटच्या प्रश्नाला मी सांगलीची असल्यामुळे मनापासून "हो, पूर आला की असते" असं उत्तर दिलं.)

टिकलीचा किस्सा सांगायलाच हवा. तिसरीतला एक चष्मेवाला मुलगा बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत होता. शेवटी धीर करून जवळ आला आणि म्हणाला, "सेन्सेई, ते बटण दाबलं तर काय होतं?" मी म्हटलं, "दाबून बघ." त्याने अगदी हलक्या बोटाने दाबलं. मी डोळे मिटून मोठ्याने म्हटलं, "गुड मॉर्निंग!" झालं! तासभर रांग लागली होती. त्या आठवड्यात टिकल्यांचं अर्धं पाकीट संपलं. मंगळसूत्राचं मात्र जरा जपून. इथे शाळेत शिक्षिका दागिने असे घालतच नाहीत. मी सांगितलं की ही आमची लग्नाची अंगठी समजा, तर ते त्यांना लगेच पटलं. पण मी आपलं ते शर्टाच्या आत ठेवते.

आता जेवण. इथल्या शाळांतून दुपारचं जेवण शाळेतच मिळतं, त्याला ‘क्यूशोकु’ म्हणतात. त्याचा कायदा १९५४ सालचा आहे. मुलंच पांढरे झगे, टोप्या आणि तोंडाला मास्क लावून पातेली वर्गात आणतात, मुलंच वाढतात, सगळ्यांचं वाढून झाल्यावर हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात आणि मगच घास उचलतात. दर आठवड्याला ज्यांची वाढण्याची पाळी असेल त्यांनी तो झगा शुक्रवारी घरी न्यायचा, धुऊन इस्त्री करून सोमवारी आणायचा. पुढच्या आठवड्यात तोच झगा दुसऱ्याच मुलाच्या अंगावर. त्यामुळे इस्त्री नीट झाली नाही तर दुसऱ्या आईला कळतं! मी सणाच्या साडीलाही इतक्या जपून इस्त्री करत नसेन.

जेवणात मासे असतात, डुकराचं मांस असतं, आणि वरवर निव्वळ भाजी वाटणाऱ्या पदार्थाचं पाणीसुद्धा बहुतेक वेळा माशाचं असतं. आम्ही शाकाहारी. मी माझा डबा नेते आणि वर्गात मुलांबरोबर बसून खाते. माझा डबा म्हणजे वर्गाचा सिनेमा. पोळी हाताने मोडलेली बघायला आठ-दहा डोकी वाकलेली असतात. "आज पिवळं काय आहे?" "ते हिरवं गोड आहे का तिखट?" एका मुलीने घरी आईला सांगून भेंडीची भाजी करवून घेतली. भेंडी इथेही मिळते, आणि तिचं जपानी नावही आपल्या कानाला गमतीदार लागतं: ‘ओकुरा’.

आणि मैत्रिणींनो, इथेच माझ्या गोष्टीला दुसरी बाजू आहे.

माझी लेक आमच्या भागातल्या सरकारी शाळेत जाते. माझी शाळा वेगळी, तिची वेगळी. ती पहिलीत गेली तेव्हा करोनाचे नियम अजून चालू होते. जेवताना सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून, एकमेकांशी न बोलता जेवायचं. त्याला ‘मुका घास’ म्हणा हवं तर. त्यामुळे तिचा पोळीभाजीचा डबा कोणाला फारसा दिसलाच नाही. दुसरीत ती बंदी उठली, चार-चार टेबलं जोडून मुलं समोरासमोर बसू लागली, आणि तिच्या डब्याचा तसाच सिनेमा झाला. माझ्या वर्गात जे प्रश्न ऐकून मी हसते तेच प्रश्न तिला विचारले गेले. कोणी वाईट बोललं नाही, कोणी नाक मुरडलं नाही. नुसते प्रश्न. पण रोज. महिन्याभराने डबा निम्मा परत येऊ लागला. मग एके दिवशी रात्री झोपताना ती म्हणाली, "आई, मी क्यूशोकु खाऊ का? मला वाढायची पाळी पण हवी आहे." डबा आणणाऱ्या मुलीला झगा घालून वाढायला देत असत, तसं काही नव्हतं. पण जे आपण खाणार नाही ते वाढताना तिला कसंतरी व्हायचं, एवढं मला कळलं.

यांच्या मते डबाच बरा. मी दोन्ही बाजूंनी बोलत होते. खरी भीती सासूबाईंची होती. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. माशाचं पाणी असतं हेही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "बंगाल्यातले ब्राह्मण मासे खातातच की! लेकरू उपाशी राहू नये. फक्त मला कळवू नका कुठल्या दिवशी काय खाल्लं ते." तेव्हापासून महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याच्या जेवणाचा कागद आला की आम्ही तिघं पेन घेऊन बसतो. त्यात प्रत्येक दिवसाचे सगळे जिन्नस लाल, पिवळ्या, हिरव्या गटांत लिहिलेले असतात. मांस असेल तिथे फुली, बाकी चालतं. फुलीच्या दिवशी घरून काहीतरी. कागद वाचते मात्र तीच. चौथीअखेर इथल्या मुलांना ६४२ कांजी, म्हणजे ती चित्रासारखी अक्षरं, यावी लागतात. मी कशीबशी दुसरीच्या पुस्तकात आहे. शाळेतून येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीसाठी मी मुलीपुढे हात जोडून उभी असते. आईपेक्षा मुलगी अधिक शिकलेली, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. पण ती दहाव्या वर्षीच तशी झाली की घरातली तराजूची पारडी जरा विचित्र हलतात, हे मी अनुभवाने सांगते.

कानांचंही तसंच. तिचे कान बारशानंतर टोचलेले. इथे शाळकरी मुली कान टोचत नाहीत, आणि बारीक मोत्याचे डूलसुद्धा शाळेत नकोत असं सांगण्यात आलं. आम्ही डूल काढले. रविवारी घालू म्हणता म्हणता राहून गेलं आणि एका कानाचं भोक बुजत आलं. सासूबाईंना फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ते बरोबर दिसलं! माशाच्या पाण्याला ज्या काही बोलल्या नाहीत, त्या या कानावरून चार दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

केर काढण्याबद्दल मात्र त्यांचा अजून विश्वास बसत नाही. इथे रोज पंधरा-वीस मिनिटं मुलंच वर्ग, जिने, हात धुण्याच्या जागा साफ करतात. त्यासाठी जुन्या टॉवेलची शिवलेली फडकी घरून द्यायची. "फी न घेता केर काढायला लावतात होय?" असं त्या विचारतात. मला विचाराल तर ही पद्धत आपल्याकडे उद्या सुरू व्हावी. माझी लेक घरी ताट उचलत नाही, पण शाळेतला जिना गुडघ्यावर बसून पुसते. जपानी आयांचीही हीच तक्रार आहे, हे ऐकून फार बरं वाटलं.

आता पाढ्यांचं सांगते, कारण खरी ठिणगी तिथे पडली.

जपानी लोकांची एक ठाम समजूत आहे की भारतीय मुलांना १९ गुणिले १९ पर्यंत सगळं तोंडपाठ असतं. २००७ च्या सुमारास इथे भारतीय गणिताच्या पुस्तकांची लाट आली होती, तिचा हा परिणाम. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात एकाने मला उभं करून विचारलंच, "सेन्सेई, १७ गुणिले ८?" आम्हांला सांगलीला गुरुजींनी तीसपर्यंत पाढे घोकून घेतले होते. माझ्या आजीला तर पावकी-निमकीही येत होती. तोंडातून आपोआप निघालं, "सतरा अठ्ठे छत्तीसासे!" आणि मग जपानीत, एकशे छत्तीस. पोरांनी टॅब्लेटवर ताडून पाहिलं आणि एकच ओरडा केला. मग मी सतराचा अख्खा पाढा म्हटला. चालीवर, हेल काढून, अगदी सांगलीच्या त्या पत्र्याच्या वर्गातल्यासारखा. चौथीच्या बाईंनी ते दुसरीच्या बाईंना सांगितलं. दुसरीत त्या वेळी नेमकं ‘कुकु’ चालू होतं.

कुकु म्हणजे इथले पाढे. नऊ नव्वे म्हणजे ‘कु-कु’, त्यावरून ते नाव. आमची लेक दुसरीत असताना फोनवर म्हणाली होती, "आजी, उद्या माझं कुकु आहे," तर सासूबाई म्हणाल्या, "हळदीकुंकू? या दिवसांत?" आपल्यासारखेच तेही चालीवर म्हणतात. ‘नि-निन-गा-शि’, बे दुणे चार. ‘नि-सान-गा-रोकु’, बे त्रिक सहा. फक्त नऊपर्यंतच, पण उलटे, सुलटे आणि मध्येच कुठूनही विचारले तरी यावे लागतात. प्रत्येक पाढा बाईंपुढे म्हणून कार्डावर शिक्का मिळवायचा. ते कार्ड घेऊन मीही रोज संध्याकाळी कणीक मळता मळता तिचं कुकु ऐकलं आहे.

तर त्या दुसरीच्या वर्गात मी ‘बे एके बे’ म्हटलं आणि त्यांनी ‘नि-निन-गा-शि’ म्हटलं. एकदा त्यांची ओळ, एकदा माझी. चाली इतक्या जुळल्या की मुलं डोलायलाच लागली. तीन दिवसांत पोरं जिन्यात ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा’ म्हणत होती. मी घरी आले ती तरंगतच. यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. त्या तर रडल्याच.

त्या शनिवारी लेक पोहण्याच्या क्लासाहून आली ती पिशवी फेकून खोलीत गेली. माझ्या शाळेतली एक मुलगी त्याच क्लासाला येते. पोहण्याच्या टोपीवरचं आडनाव वाचून तिने विचारलं होतं, "तू कुरु सेन्सेईची मुलगी? मग तूपण म्हणून दाखव ना!" सगळ्या मुली भोवती जमल्या. हिला ‘बे’चा पाढासुद्धा येत नाही. तिला फक्त कुकु येतं.

"तू ते शाळेत का म्हटलंस?" ती मला विचारत होती. अर्धं मराठी, अर्धं जपानी.

मी म्हटलं, "अगं, त्यांना आवडलं. कोणी हसलं का तुला?"

"हसलं नाही. सगळ्या म्हणाल्या, छान, छान." आणि मग जरा थांबून, "आई, तुझा तास संपला की तू घरी येतेस. मला नाही येता येत."

मला काहीच बोलता येईना. तीन वर्षांची असताना तिला इथे आणली. बोलायला शिकली ती दोन भाषांत. शाळेत नाव, रंग, डबा, कान, प्रत्येक गोष्टीवर तिने एकेक करून उत्तर शोधलं होतं. टोपीत केस, कानांत काही नाही, ताटात इतरांसारखं जेवण. सहा-सहा तास ती ज्या गोष्टी मागे सारत होती, त्याच मी दोन स्टेशनं पलीकडे पगार घेऊन ओटीत घालून वाटत होते. यात माझं काय चुकलं म्हणाल, तर काही नाही. तिचंही नाही. त्या पोहणाऱ्या मुलींचं तर मुळीच नाही. म्हणूनच कोणाला रागवावं ते कळेना. रागवायला कोणी असलं की किती सोपं असतं!

रात्री हे आणि मी बराच वेळ बोलत होतो. सहावीनंतर काय, हा प्रश्न आमच्याकडे तसा नेहमीच मांडीवर बसलेला असतो. जपानी माध्यमिक शाळेत घातली की ती इथलीच झाली. तिथे तर केस, मोजे, सगळ्याचेच नियम आणखी कडक. भारतीय शाळा जवळ आहेत, तिथे इंग्रजीतून शिकेल, पण फी आमच्या ऐपतीच्या काठावर, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रिणी सुटतील. सांगलीला परत जावं, तर तिला मराठी वाचता येत नाही. बोलताना ‘एकोणसाठ’ म्हणजे ५९ की ६९ हेही ती बोटं मोजून सांगते. जपानीत आकडे कसे सरळ असतात! दोन-दहा-एक म्हणजे २१, पाच-दहा-नऊ म्हणजे ५९. संपलं. २०१९ मध्ये आपल्या बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला. तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आता या पोरीचं गणित बघताना वाटतं, त्या पुस्तकवाल्यांना काहीतरी दिसलं होतं खरं. (पण ‘एकोणसाठ’ हा शब्द जावा असं मात्र मला अजूनही वाटत नाही.)

आमच्या इमारतीतल्या मराठी बायका अशा चर्चेत नेहमी योगेंद्र पुराणिकांचं उदाहरण देतात. अंबरनाथमध्ये वाढलेले, इथले नागरिक झाले, २०१९ मध्ये याच एदोगावाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले. "बघा, होता येतं!" असं त्या म्हणतात. येतं, पण ते मोठेपणी आपल्या मनाने आले होते. दहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारून आणलं नव्हतं.

मी शाळेत पाढे बंद करायचे ठरवलं होतं. दुसरीच्या बाईंना तसं सांगावं म्हणून जपानी वाक्यंही जुळवली होती, आणि ती बरोबर आहेत का हे विचारायला अर्थातच मुलीकडेच गेले! तिने वाचलं, एक शब्द दुरुस्त केला आणि विचारलं, "बंद का करतेस?" मी म्हटलं, "तुला त्रास होतो म्हणून." ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने अटी घातल्या. पाढे म्हटले तरी चालतील, पण "माझीही मुलगी म्हणते" असं सांगायचं नाही. तिच्या शाळेत पालकांनी वर्ग बघायचा दिवस असतो, तेव्हा मी मागे उभी राहून मराठीत हाक मारायची नाही, हातही हलवायचा नाही. टिकली लावली तर चालेल, पण लहान. आणि पोहायला नेताना फाटकाबाहेर थांबायचं. मी सगळ्या अटी मान्य केल्या. टिकलीच्या मापावरून थोडी घासाघीस झाली, ती तीन मिलिमीटरवर मिटली.

रविवारी आम्ही चार-पाच मराठी आया मिळून मुलांना देवनागरी शिकवतो, तिथे तिने यायला मात्र साफ नकार दिला होता. हल्ली येते. तिला एक गोष्ट तिथे सापडली. जपानी अक्षरांचा क्रम आ-का-सा-ता-ना असा आहे. आ, ई, ऊ, ए, ओ हे स्वर आणि मग व्यंजनांच्या ओळी. जुन्या काळी बौद्ध भिक्षू संस्कृतच्या वर्णमालेचा अभ्यास करत, त्यातून हा क्रम आला. "म्हणजे हे आधी आपलं होतं?" असं तिने विचारलं. त्यातलं ‘आपलं’ कोणाचं, हे मी विचारलं नाही.

पाढ्यांचं ती स्वतःहून काही बोलत नाही. पण तिसरी-चौथीत इथे मोठे गुणाकार उभे मांडून करायचे असतात, आणि १७ ने गुणायचं आलं की कुकु वापरून दोनदा करावं लागतं, वेळ जातो, असं तिच्या लक्षात आलं आहे. मागच्या महिन्यात तिने फोन उचलला आणि आजीला म्हणाली, "आजी, मला सतराचा शिकव. फक्त सतराचा. अठराचा नको." सासूबाईंनी देवापुढची जपमाळ बाजूला ठेवून शिकवायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, बाहेर आले नाही.

परवा गाडी ‘सतरा सत्ते एकोणिसासे’पर्यंत आली आणि अडली.

"आजी, एकशे एकोणीस ना? मग आधी एकोणीस का म्हणायचं? शंभर मोठे आहेत, ते आधी यायला पाहिजेत."

सासूबाई एवढ्या पंतोजींच्या मुलगी, पण चक्क निरुत्तर झाल्या. "अगं, ते तसंच असतं," म्हणाल्या.

"मग उद्या विचारून सांग," असं म्हणून हिने फोन ठेवला आणि दप्तर भरायला गेली. सासूबाईंनी त्यानंतर गल्लीतल्या दोन निवृत्त गुरुजींना गाठल्याचं कळतं. अजून उत्तर आलेलं नाही.